आई, पोटाचं लिहून ठेव

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई, तू "अगं गॅस आहे, दुसरं काय" म्हणतेस आणि बाबा, तुम्ही "हे तू आईशीच बोल" म्हणून फोन तिच्या हातात देता. पत्राला असं मध्येच थांबवता येत नाही, म्हणून लिहितेय. दोघांनी वाचा. बाबा, तुमच्या वाटणीचं खाली आहे.

आई, गेल्या तीन फोनमध्ये तू तीन तक्रारी केल्यास. दोन घास खाल्ले की पोट भरतं. वजन वाढलेलं नाही, तरी कपडे कमरेत घट्ट होतात. रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. एकेका तक्रारीला तुझ्याकडे कारण तयार होतं : वय, ॲसिडिटी, झोपताना प्यायलेलं पाणी. मी तिन्ही एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या, तेव्हा मला चैन पडेना. अंडाशयाच्या कॅन्सरची म्हणून डॉक्टर जी लक्षणं सांगतात, त्यात या तिन्ही आहेत. चौथं म्हणजे ओटीपोटात दुखणं. ते तुला होतं का, हे तू सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

ही लक्षणं असणाऱ्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो, हे आधी नीट वाच. बघायचं ते एवढंच, की त्रास नवा आहे का आणि तो मुक्कामाला आलाय का. महिन्यातून 12 किंवा त्याहून जास्त वेळा होत असेल तर तपासायला हवं. आणि पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा पोट बिघडायला लागलं, तर "आतडी नाजूक झाली" म्हणून सोडून देऊ नये. आतड्यांचा तसा जुनाट त्रास त्या वयात सहसा नव्याने सुरू होत नाही. तुझं पोट तर जन्मात कधी कुरकुरलं नव्हतं.

अंडाशय असतं बदामाएवढं, पाळी गेल्यावर त्याहून लहान. आजूबाजूला पोटाची मोकळी पोकळी, त्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत काही टोचत नाही की अडत नाही. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार पुष्कळदा अंडाशयात नव्हे, तर शेजारच्या बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो, आणि तिथून पेशी सरळ पोटात सांडतात. आजार अंडाशयापुरता असताना सापडला, तर शंभरातल्या नव्वदहून जास्त बायका पाच वर्षांनंतरही हयात असतात. लांबवर पसरल्यावर सापडला तर तीसेक. दुर्दैवाने बहुतेकींचा सापडतो तो पसरल्यावरच.

तू म्हणशील, माझी पॅप टेस्ट चांगली आली होती. ती गर्भाशयाच्या मुखासाठी असते गं, अंडाशयाचं तिच्यात कळत नाही. मग दरवर्षी रक्त तपासत राहायचं का? मलाही तेच वाटलं होतं. ब्रिटनमध्ये 2 लाखांहून जास्त बायकांवर हे करून पाहिलं. 2001 मध्ये सुरुवात झाली, शेवटचा निकाल 2021 मध्ये आला. काहीही त्रास नसलेल्या बायकांची दरवर्षी सीए-125 ही रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी करून मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय रक्तातलं सीए-125 गर्भाशयातल्या साध्या गाठींनी, म्हणजे फायब्रॉइडनेही वाढतं, आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या जणींत वाढतच नाही. तेव्हा सगळ्यांना सरसकट लागू पडेल अशी चाचणी आज नाही. तुझं तसं नाही. तुला त्रास होतोय, आणि त्रास होत असताना हीच रक्ततपासणी आणि योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी कामाची ठरते. सोनोग्राफीच्या नावाने तोंड वाकडं करू नकोस, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता बाबा. तुमची आई, म्हणजे आजी, "पोटात पाणी होऊन गेली", असं आपल्या घरात सांगतात. जलोदर. पाणी कशाने झालं, हे कुणी विचारलं नाही. यकृताने होतं, क्षयाने होतं, अंडाशयाच्या कॅन्सरनेही होतं. आणि आत्याला शेहेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. या दोन गोष्टी मी आजवर कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. 1994 मध्ये शास्त्रज्ञांना बीआरसीए-1 हे जनुक सापडलं. त्यात बिघाड असेल तर स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कॅन्सरचा धोका वाढतो. एरवी शंभरात एखाद-दुसरीला होणारा अंडाशयाचा कॅन्सर अशा बायकांत चाळीस किंवा जास्त जणींना होऊ शकतो. हा बिघाड बापाकडूनही येतो, बाबा. आईच्या पोटाशी आजीचा संबंध नाही, पण माझ्याशी आहे. मी बेचाळीसची आहे, म्हणून हे बायकांचं बोलणं समजून उठून जाऊ नका. असली जनुकीय तपासणी आधी आजार झालेल्या नातेवाइकाची केली तर उत्तर जास्त स्पष्ट मिळतं, म्हणजे आत्याची. तिला मी विचारलं तर तिला वाटेल मी घाबरले. तुम्ही विचारा, भाऊ म्हणून. आजीचे दवाखान्याचे जुने कागद तिच्याकडे आहेत का, तेही.

आई, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजपासून खुणा कर : फुगलं तर फु, दुखलं तर दु, जेवण गेलं नाही तर जे. पण महिना भरायची वाट पाहायची नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या आणि जाताना ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून सोबत न्या. तिथे गेल्यावर "तसं काही विशेष नाही, मुलगी मागे लागली म्हणून आले" असं म्हणायचं नाही. तू म्हणणार, मला माहीत आहे. म्हणून बाबांनी आत सोबत बसायचं.

तुमची,
धाकटी

ता. क. : पाळी गेल्यावर कधी थेंबभर जरी रक्त गेलं असेल आणि तू सांगितलं नसशील, तर तेही कॅलेंडरवर लिही.