वेड शेवटच्या पानावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकतर्फी प्रेमाने पछाडलेल्या माणसाभोवती रचलेल्या मानसशास्त्रीय रहस्यकथा पुष्कळ येतात आणि त्यातल्या बऱ्याच शेवटच्या प्रकरणात कोसळतात. तिथे अचानक बालपणीचा एखादा आघात उघड होतो, निवेदक वेडा ठरतो आणि लेखक मोकळा होतो. हा वाचकावर अन्याय आहे.

कारण पछाडलेपणालाही स्वतःचा तर्क असतो. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबो यांनी १९२१मध्ये तो मांडला. ‘सुरुवात समोरच्यानेच केली’ ही त्यातली मूळ समजूत. पुढे तीन टप्पे येतात: आशा, चडफड आणि डूख. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीला इंग्लंडचा राजा आपल्यावर प्रेम करतो अशी खात्री होती. राजवाड्याच्या खिडकीतला हललेला पडदाही तिला खूण वाटे. कादंबरीला याहून चांगला सांगाडा क्वचितच मिळेल.

मात्र हा भ्रम आणि नुसती अनावर ओढ यांत गल्लत नको. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७९च्या पुस्तकात वर्णन केलेली ओढ चारचौघांसारख्या माणसांनाही लागते आणि अनिश्चिततेवर पोसली जाते. स्पष्ट नकार मिळाला की ती बहुधा हळूहळू ओसरते. भ्रमात मात्र नकार हाच होकाराचा पुरावा ठरतो. आपलं पात्र यांतलं कोणतं, हे लेखकाने पहिल्या प्रकरणाआधीच ठरवायला हवं. नाहीतर मधल्या भागात पात्राचं वागणं सोयीप्रमाणे बदलत राहतं.

निवेदन पछाडलेल्याच्या तोंडी असेल, तर समोरच्या व्यक्तीचे संवाद जसेच्या तसे द्यावेत. ‘उद्या जमणार नाही’ एवढंच ती म्हणते आणि तो त्यावर पानभर अर्थ लावतो. भीती त्या अंतरातून तयार होते. त्याचं पहिलं पाऊलही वाचक माफ करील इतकं लहान हवं: तिची सुटायची वेळ लक्षात ठेवणं, विसरलेलं पेन परत न करणं.

सगळ्यात दुबळा भाग परिणामांचा असतो. त्याच्या तीस मेसेजना उत्तर न देता तिने एकतिसाव्याला ‘कृपया थांब’ लिहिलं, तर चिकाटी फळते एवढंच तो शिकतो. तिच्या बाजूला नंबर बदलणं, रस्ता बदलणं, आपण हसून बोललो तेच चुकलं का ही शंका, ‘दुर्लक्ष कर’ म्हणणारे मित्र. यातलं फारच थोडं छापलं जातं. खून मात्र तपशिलात येतो.

आपल्या पुरवणीतील परीक्षणांत शेवटच्या कलाटणीइतकीच जागा तिच्या या दिवसांनाही मिळावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक