आमच्या मुलीला डम्पलिंग नाकारणाऱ्या ताईंस

सप्रेम नमस्कार.

आपली परवानगी घेतलेली नसल्यामुळे या पत्रात आपले नाव लिहीत नाही. परंतु नूडल्स आणि डम्पलिंगच्या त्या साध्या उपाहारगृहात आपल्याबरोबर काम करणाऱ्या कोणालाही हे पत्र कोणासाठी आहे ते लगेच कळेल. आपण आमच्या मुलीला डम्पलिंग वाढायला नकार दिलात. त्या नकाराबद्दल, आणि तो देण्याआधी आपण जे केलेत त्याबद्दल, मला आपले जाहीर आभार मानायचे आहेत. घरी आल्यापासून हे पत्र मनात घोळते आहे आणि लिहायला बसले की अजूनही गळा दाटून येतो, तेव्हा काही वाक्ये लांबली तर सांभाळून घ्यावे.

आमच्या मुलीला सीलिअ‍ॅक आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. ग्लूटेन जन्मभर पूर्णपणे टाळणे, एवढाच यावरचा उपचार. हे काही अलीकडचे खूळ नव्हे. गहू बंद केला की अशी मुले सुधारतात, हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मधील आपल्या प्रबंधात दाखवून दिले होते. त्याला सत्तर वर्षे उलटून गेली, तरीही जेवणाच्या टेबलापाशी हे समजावून सांगताना समोरच्या चेहऱ्यावर ‘किती ही नाटके’ असा भाव मी इतक्या वेळा पाहिला आहे की पुढे पुढे बोलण्याआधीच थकल्यासारखे होऊ लागले.

त्यातून चिनी नूडल्स आणि डम्पलिंग म्हणजे तिच्यासाठी जवळजवळ बंद दार. हाताने ओढायच्या नूडल्सची कणीक ताणली, दुमडली, पुन्हा ताणली तरी तुटत नाही आणि एका गोळ्यातून लांबच लांब बारीक धागे निघतात, ते ज्या ग्लूटेनच्या चिवटपणामुळे, तेच तिला वर्ज्य आहे. डम्पलिंगची पारी गव्हाच्या पिठाची. कोळंबीचे सारण भरलेली, वाफवल्यावर पारदर्शक दिसणारी डम्पलिंग पाहून ती तांदळाची असावीत असे वाटते, पण त्यांच्या पारीतही बहुधा गव्हाचे स्टार्च असते. सोया सॉस नुसत्या सोयाबीनचा नसतो, बहुतेक प्रकारांत सोयाबीन आणि गहू एकत्र आंबवलेले असतात. आणि हा सॉस सारणात असतो, रश्श्यात असतो, परतलेल्या भाज्यांत असतो. बुडवून खाण्यासाठी जे काळे व्हिनेगर देतात त्यातही पुष्कळदा गव्हाचा कोंडा वापरलेला असतो. तांदळाच्या नूडल्स मागवाव्यात, तर त्या गव्हाच्या नूडल्सच्याच आधणात सोडून त्याच झाऱ्याने वेळल्या जातात. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असू नये, अशी कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत मर्यादा आहे. गढूळ आधणातून काढलेल्या वाटीभर नूडल्स त्या मर्यादेत बसतील, ही आशा ठेवायला जागाच नाही.

याआधी आम्ही जिथे जिथे गेलो त्या जागांची नावे घेण्यात मला स्वारस्य नाही. एका ठिकाणी आमचे बोलणे पूर्ण होण्याआधीच ‘चालेल, चालेल, काही होत नाही’ असे उत्तर मिळाले. एका ठिकाणी वाटीवर पेरलेल्या तळलेल्या कुरकुरीत पट्ट्या वेचून काढल्या गेल्या आणि तीच वाटी नवी म्हणून परत आली. पारदर्शक डम्पलिंग तांदळाचीच आहेत, असे एकाने छातीवर हात ठेवून सांगितले होते. त्या रात्री आणि नंतर कित्येक दिवस मुलीने काय सोसले ते इथे लिहीत नाही. एखाद्याला ठाऊक नसण्याचा मला राग नाही. प्रत्येक पदार्थात काय काय पडते हे प्रत्येकाला तोंडपाठ असावे, अशी अपेक्षा कोणीच करू नये. राग येतो तो न पाहता दिलेल्या खात्रीचा, कारण ती देणाऱ्याचे त्यात काहीच जात नाही आणि भोगावे लागते ते एका मुलीला. अशा अनुभवांनंतर तिने विचारणेच सोडून दिले. आम्ही सारे बाहेर जेवत असू तेव्हा ती घरून आणलेला डबा उघडून बसे आणि मला भूक नाहीच, असे सांगे.

आपण आमचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतलेत. मग ‘मला नक्की माहीत नाही, बघून येते,’ असे म्हणून आत गेलात आणि परतलात ते सोया सॉसची बाटली घेऊन. रोजच्या वापराने चिकट झालेली ती मोठी बाटली आपण फडक्याने पुसलीत आणि माझ्यापुढे न ठेवता मुलीच्या पुढे ठेवलीत. लेबल तिच्याकडे वळवलेत, घटकांच्या यादीत जिथे गहू लिहिला होता तिथे बोट टेकवलेत आणि तिला म्हणालात, “हे बघ, यात आहे. म्हणजे हा तुला चालणार नाही.”

या एवढ्याशा कृतीविषयी मी घरी पुन्हा पुन्हा बोलत राहिले आहे. आजवर प्रत्येक जण तिच्या आजाराविषयी माझ्याशी बोलत आला, तेही तिच्या देखत, जणू ती तिथे नाहीच. डॉक्टरांच्या खोलीत, नातेवाइकांच्या पंक्तीत, उपाहारगृहांत, सगळीकडे हेच चालत आले. आपण मात्र जिच्या पोटाचा प्रश्न होता तिच्याशीच बोललात, आणि माझ्यावर विश्वास ठेव, असे न म्हणता तिला स्वतः वाचायला दिलेत. तिने ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग, बऱ्याच दिवसांत विचारले नव्हते तसे, तिने विचारले, “आणि ऑयस्टर सॉसमध्ये?” आपण तीही बाटली आणलीत. शेजारची टेबले भरलेली होती, कोणीतरी बिलासाठी हात वर करून बसले होते, आणि आपल्या बोलण्यात घाईचा लवलेशही नव्हता.

डम्पलिंगची गोष्ट त्यानंतरची. तिला ती खायची होती आणि आपल्याला ते दिसत होते. आपण तिला सांगितलेत की आत दिवसभर पाऱ्या लाटल्या जातात, पीठ ओट्यावर असते, हवेत असते, बांबूच्या करंड्यांना लागलेले असते. सारण वेगळे करून पानात गुंडाळून दिले तरी त्यात पीठ गेले नाही असे आपण म्हणू शकणार नाही, म्हणून डम्पलिंग आपण तिला देणार नाही. मला वाटले, तिचा चेहरा उतरेल. तो उतरला नाही. इतकी वर्षे तिला मिळाली ती एकतर खोटी हमी किंवा बिचारी म्हणून टाकलेला सुस्कारा. कारण सांगून दिलेला सरळ नकार तिने बहुधा पहिल्यांदाच ऐकला, आणि तिला तो मोठ्या माणसासारखा वागवणारा वाटला. आपण हो म्हणाला असता तर त्या क्षणी आम्ही सगळेच खूश झालो असतो, आणि पुढे जे झाले असते त्याचा जाब विचारायला आपल्यापर्यंत कोणी आलेही नसते, हे आपल्याला ठाऊक असणारच.

आपल्या आचाऱ्यांनाही माझा नमस्कार सांगावा. रश्श्याच्या मोठ्या पातेल्यात सोया सॉस आधीच पडलेला असल्यामुळे त्यांनी स्वच्छ धुतलेल्या लहान पातेल्यात नवे आधण ठेवले, तांदळाच्या नूडल्स वेगळ्या उकळल्या आणि आले, कांद्याची पात, मीठ व अंडे एवढ्यावर वाटी सजवली. ती आमच्या वाट्यांबरोबरच टेबलावर आली. तिने शेवटचा घोटही ठेवला नाही.

आपल्यासारखी माणसे मला इतरत्रही भेटली आहेत. चिठ्ठीवरचे औषधाचे नाव नीट लागले नाही तर अंदाजाने गोळ्या न देता डॉक्टरांना फोन लावणारे दुकानदार, पत्ता ठाऊक नसताना हवेत हात न दाखवता शेजाऱ्याला विचारून मग सांगणारे लोक, दुरुस्तीला टाकलेले यंत्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे उघडण्याआधीच सांगून टाकणारे कारागीर. अशांचे कौतुक फारसे होत नाही, कारण त्यांच्यामुळे सांगण्यासारखे काही घडतच नाही. जे वाईट व्हायचे ते टळते आणि ते टळले हे कोणाला दिसत नाही. आमच्या घरी मात्र ते दिसले. त्या रात्री मुलीचे पोट दुखले नाही, दुसऱ्या दिवशी ती वेळेवर शाळेत गेली, आणि डबा न नेता बाहेर जेवता येते हे तिने मैत्रिणींना सांगितले. म्हणूनच हे पत्र खासगी न ठेवता सर्वांसमोर लिहीत आहे. आपल्या मालकांनी ते वाचावे आणि आपण टेबलापाशी घालवलेला वेळ वाया गेलेला नव्हता हे त्यांना कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आम्ही पुन्हा येणार आहोत. गर्दी ओसरल्यावर वेगळे आधण ठेवणे सोपे जाते, असे आपणच म्हणाला होतात, तेव्हा दुपार उलटल्यावर येऊ. मुलीला या वेळी मिरचीच्या तेलाविषयी विचारायचे आहे. ते विकतचे असेल तर ती लेबल स्वतः वाचेल. आपल्याकडेच केलेले असेल तर त्यात सोया सॉस पडतो का, एवढे आचाऱ्यांना विचारून ठेवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
त्या मुलीची आई