दुसऱ्या गर्भपातानंतर तरी रक्त तपासा

संपादक महोदय,

पहिला गर्भ पडला की ‘होतं असं, पुढच्या खेपेला नीट होईल’ असे डॉक्टर सांगतात आणि बहुतेकींच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण लागोपाठ दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तसेच घडल्यावरही तेच वाक्य ऐकवून बाईला घरी पाठवणे बरे नव्हे. माझ्या भाचीला इस्पितळातून मिळालेल्या कागदावर ‘गर्भपात पूर्ण, आठवडाभर विश्रांती’ एवढेच होते. रक्त गोठण्याच्या विकाराची तपासणी करता येते, हे तिला फार उशिरा, दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले. तोवर देवळात गाऱ्हाणी घालून झाली होती आणि स्कूटर चालवली, कळशी उचलली म्हणून बोलणीही तिनेच खाल्ली.

अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा असाच एक विकार लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ सालीच मांडला. यात शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांमुळे रक्तात गुठळ्या होऊ शकतात, वार नीट रुजत नाही आणि गर्भ टिकत नाही. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या त्याच्या तपासण्या. साध्या संसर्गानेही त्या काही काळ पॉझिटिव्ह येतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा कराव्याच लागतात. निदान पक्के झाले तर उपाय आहे. १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के, तर जोडीला हेपॅरिन हे गुठळ्या रोखणारे इंजेक्शन दिल्यावर ७१ टक्के स्त्रियांना मूल झाले.

याची दुसरी बाजूही तितकीच काळजीची. तपासणी न करताच पोटात रोज हेपॅरिनची इंजेक्शने घ्यायला लावणारे आहेत, आणि आशेपोटी बायका घेतातही. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या स्त्रियांना वारंवार गर्भपातानंतर हेपॅरिन देऊन मूल होण्याचे प्रमाण वाढत नाही, असे २०२३ च्या ‘लॅन्सेट’मधील चाचणीत दिसले. रक्तात गुठळ्या होऊ न देणारे प्रोटीन एस तर गरोदरपणात आपसूकच कमी होते. तेव्हा केलेली ती तपासणी नुसती घाबरवते.

आरोग्य खात्याकडे माझे मागणे साधे आहे. दुसऱ्या गर्भपातानंतर घरी सोडताना कागदावर तपासण्यांची नावे आणि पुन्हा कधी यायचे ती तारीख लिहून द्यावी. ल्युपस अँटिकोॲग्युलंटच्या तपासणीसाठी निळ्या टोपणाच्या नळीत घेतलेल्या रक्तातून काही तासांतच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, वेगळा करावा लागतो. वाळपई किंवा काणकोणहून रक्त तसेच बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) पाठवण्यात वेळ गेला, तर अहवालावर भरवसा ठेवता येणार नाही. तेव्हा म्हापसा, मडगाव आणि फोंडा येथील सरकारी इस्पितळांत रक्त घेऊन प्लाझ्मा तिथेच वेगळा करावा, गोठवावा आणि मग गोमेकॉत पाठवावा. खर्चही सरकारने उचलावा. दोनदा करायच्या या तपासण्या अनेक घरांना परवडत नाहीत आणि मग नेमकी दुसरी राहून जाते.

– एक वाचक, डिचोली