पाणी नाकापाशी येईल तेव्हा

प्रिय चिऊ,

काल तू फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जागी होते. पोहण्याच्या पूलमधल्या स्कूबाच्या, म्हणजे हवेचा टँक लावून पाण्याखाली उतरायच्या, सरावाबद्दल तू म्हणालीस, "अर्धा मास्क भरला तोवर ठीक होतं गं. पूर्ण काढायला सांगितला आणि मला काही कळलंच नाही, मी सरळ वर." मग म्हणालीस की पुढच्या आठवड्यात समुद्रातल्या डाइव्ह आहेत आणि तुला जावंसं वाटत नाहीये. मी लगेच उपाय सांगायला लागले आणि तू "ठेवते" म्हणालीस. तुला तेव्हा फक्त कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं, हे समजतं मला. तरी लिहितेय, कारण विचारायचं तेच राहून गेलं.

वर येताना तू श्वास सोडत होतीस का?

चिऊ, मास्कमध्ये पाणी भरल्याने कुणाला काही होत नाही. डोळे चुरचुरतात, नाकात झोंबतं, जीव घाबरा होतो, एवढंच. टँकची हवा तोंडात धरलेल्या रेग्युलेटरमधून येतच असते, मास्क असो वा नसो. धोका त्या घाबरण्यातून पुढे जे होतं त्यात आहे: माणूस छातीत हवा कोंडतो आणि वरची वाट धरतो. रेग्युलेटर हवा देतो ती त्या खोलीवरच्या दाबाची. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे भरून घेतलेली छाती तशीच मिटून वर आणली तर आतली हवा दुप्पट जागा मागते. आणि पूल उथळ आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. सव्वा मीटरभर खोलीवरून श्वास रोखून वर येतानाही पूर्ण भरलेल्या फुफ्फुसाला इजा होऊ शकते. ती हवा रक्तात शिरली तर बुडबुडा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे तुला पुस्तकात शिकवलं असेलच. मला ते पुन्हा लिहायचं नव्हतं.

त्याआधी एक सांगायला हवं होतं. वर आल्यावर तू इन्स्ट्रक्टरला "डोळ्यात काहीतरी गेलं" असं म्हणाली नाहीस, "मला भीती वाटली" असं म्हणालीस. मला त्याचा फार अभिमान वाटला. कितीतरी मोठी माणसं ते बोलत नाहीत, मान डोलावतात आणि तीच भीती घेऊन अठरा मीटरवर जातात.

रात्री मला तुझी अंघोळ आठवत होती. डोक्यावर तांब्या रिकामा करायच्या आधी तू गाल फुगवायचीस, डोळे घट्ट मिटायचीस, आणि पाणी ओघळून गेल्यावरही कितीतरी वेळ तशीच बसायचीस. मी "झालं, सोड आता" म्हटल्याशिवाय श्वास सोडायची नाहीस. पुढे पोहायला शिकताना मीच काठावरून ओरडायचे, "श्वास धर आणि मग खाली जा." त्या पाण्यासाठी ते बरोबरच होतं. तिथे वर घेतलेली हवाच घेऊन आपण खाली जातो आणि तीच घेऊन वर येतो, ती मूळ मापापेक्षा फुगत नाही. टँकच्या हवेचं तसं नाही. म्हणजे तुझ्या शरीराला वीस वर्षं जे पाठ आहे, नेमकं तेच आता करायचं नाही. एका दुपारी जमलं नाही यात नवल ते काय? आणि दादाच्या त्या दिवसानंतर आपल्या घरात पाण्यापाशी कुणीच मोकळा श्वास घेतलेला नाही. तू तर तेव्हा सगळं बघत होतीस.

असो. तो विषय नको.

वॉर्डातली इतकी वर्षं आणि नंतर स्वतः घेतलेलं डायव्हिंग, दोन्हीकडून मला जे कळलंय ते सांगते. नाक, कपाळ आणि डोळ्यांभोवतालच्या त्वचेतली संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूने मेंदूकडे जाते. गार पाणी तिथे एकदम लागलं की शरीर तुला न विचारता उत्तर देतं. कधी हुंदका यावा तशी हवा आत ओढली जाते, कधी श्वास जागच्या जागी थांबतो. याला भित्रेपणा म्हणत नाहीत, धीट माणसालाही हेच होतं. फरक सवयीने पडतो. चेहरा पुन्हा पुन्हा पाण्यात गेला की तो धक्का बोथट होत जातो.

शिवाय मास्क काढला की दिसेनासं होतं, ते वेगळं. डोळ्यासमोर हवेचा थर नसला की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची प्रकाश वळवण्याची ताकद जवळजवळ संपते, म्हणून सगळं धुरकट. भीतीला तेवढं निमित्त पुरतं. तेव्हा एक हात तळाला किंवा इन्स्ट्रक्टरच्या दंडाला लावून ठेव. डोळ्यांचं काम तेवढा वेळ हाताला करू दे. लेन्स घालून जाणार असशील तर डोळे मिटूनच घ्यायचे, नाहीतर त्या वाहून जातील.

आता नाकाचं. आपलं नाक आणि घसा यांच्यामध्ये मागे मऊ टाळूचा एक पडदा आहे. "क" म्हणायला जीभ मागे लाव आणि आवाज न काढता तिथेच थांब. तो पडदा उचलून नाकाची वाट बंद झालेली असते. आता "ङ" म्हण, तो खाली येतो आणि हवा नाकातून जाते. तो पडदा तुझ्या ताब्यात आहे हे एकदा घरात बसून जाणवू दे. नाक पाण्यात उघडं असतानाही तोंडाने श्वास घेता येतो तो याच्याच जोरावर.

मग उथळ पाण्यात, कमरेएवढ्या, मास्क न लावता नुसता स्नॉर्केल, ती श्वासाची नळी, तोंडात धरून चेहरा बुडव. आधी नाक चिमटीत धर. श्वास तोंडाने आत, तोंडाने बाहेर. मग चिमूट सैल कर. मग तोंडाने आत आणि नाकाने बाहेर. सोबत कुणीतरी उभं असू दे, एकटी अजिबात नको. उभं राहता येतं, केव्हाही डोकं वर काढता येतं, म्हणून मन ऐकतं. मला खोल पाण्यातल्या सरावापेक्षा याचाच जास्त उपयोग झाला. मास्क काढायचा तो क्षण मलाही नकोसा वाटायचा. बाबांना मी ते कधी बोलले नाही, कारण मग त्यांनी मला जाऊच दिलं नसतं.

आणि मास्क क्लिअर करताना, म्हणजे आतलं पाणी काढताना, घाई नको. बहुतेक जण जोरात फुंकतात, हवा बाजूंनी निसटते आणि पाणी तसंच राहतं. मास्कची वरची कड कपाळावर दाबून धर, नाकाने हळू, लांब सोड. हवा वर साठते आणि पाण्याला खालच्या कडेने बाहेर ढकलते. आपण सहज घेतो तो श्वास अर्ध्या लिटरच्या आसपास असतो आणि मास्कमध्ये त्याहून कमी पाणी मावतं, म्हणजे छाती फुटेपर्यंत हवा घ्यायची गरजच नाही. एका दमात नाही निघालं तर तोंडाने दुसरा श्वास घे आणि पुन्हा सोड. एक गोष्ट मात्र कुणी नीट सांगत नाही: मान वर करण्याआधी नाकातून हवा सुटायला लागलेली हवी. आधी मान वर केलीस तर मास्कमधलं सगळं पाणी नाकपुड्यांत उतरतं, आणि मग ते झोंबणं, तो ठसका, आणि वर पळणं. मला वाटतं तुझं तेच झालं असावं.

तू भांडी घासताना गुणगुणतेस ना, मिटल्या तोंडाने? रेग्युलेटर तोंडात ठेवून तसंच गुणगुण. हवा आपोआप नाकाने जाते आणि आवाज चालू आहे तोवर श्वास कोंडलेला नाही हे तुलाही कळतं, शेजारच्यालाही ऐकू येतं. ठसका लागलाच तर रेग्युलेटर हाताने तोंडाशी धरून त्याच्यातच खोक. तो त्यासाठी पुरेसा आहे. थुंकून टाकू नकोस. आणि तरी वर यावंसं वाटलं तर ये, कुणी अडवणार नाही. आधी पंजा आडवा धरून हलव, अंगठा वर दाखव, इन्स्ट्रक्टर हात धरून आणेल. फक्त येताना बुडबुडे सोडत ये. सतत सोडत ये. तुझ्या तोंडून बुडबुड्यांची माळ निघतेय असं मला रात्रभर डोळ्यासमोर आणायचं होतं आणि येत नव्हतं, म्हणून उठून दिवा लावला.

बघ, पुन्हा तिथेच आले. शिकवायला लागले की मला थांबता येत नाही. माफ कर.

तुला जायचं नसेल तर जाऊ नकोस, हे मी मनापासून लिहितेय. पण जायचं असेल तर पूलमध्ये आणखी वेळ माग. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर कोर्समध्ये मास्क न लावता पाण्याखाली निदान एक मिनिट श्वास घेऊन दाखवावा लागतो, आणि तो पहिल्याच दिवशी जमला पाहिजे असा काही नियम नाही. जमेपर्यंत करायचं असतं. बाकीचे पुढे गेले तर जाऊ देत. तुझ्या तुकडीतला तो उंच मुलगा तीन मीटरवर मजेत फिरतो म्हणालीस, त्याच्याशी तुला काय करायचंय? एखादा इन्स्ट्रक्टर "होईल गं, चल" म्हणून घाई करत असेल तर दुसरा माग. लाजू नकोस. त्या मिनिटभरात तुला कंटाळा यायला लागला की समज तयार झालीस. तेवढा कंटाळा येईपर्यंत समुद्राची तारीख लावू नकोस, चिऊ. समुद्रात पाणी पूलपेक्षा गार असेल, लाट असेल, आणि मास्क कुणीही न सांगता सुटू शकतो. बडीचा, म्हणजे सोबतच्या जोडीदाराचा, पायातला फिन लागूनसुद्धा सुटतो.

आणि सर्दी असेल त्या दिवशी उतरायचंच नाही. तुझं नाक पावसाळाभर कसं असतं ते मला माहीत आहे. बंद नाकाने कानातला दाबही सारखा करता येत नाही आणि मास्क क्लिअर करायला हवाही सुटत नाही. गोळी घेऊन तर मुळीच जाऊ नकोस. खाली तिचा असर उतरला तर वर येताना आतली हवा अडकेल.

तुझा मास्क गळतो म्हणालीस, तर आधी केस बघ. कपाळावरची ती एक बट कडेखाली अडकली तरी पाणी थेंबाथेंबाने येत राहतं. हुडच्या आत घाल सगळे केस. पट्टा आवळू नकोस, आवळल्याने सिलिकॉन दुमडतं आणि जास्तच गळतं. चेहऱ्याला नुसता टेकवून, पट्टा न लावता नाकाने हलकेच हवा ओढ. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. नाही राहिला तर माझा घेऊन जा. आपल्या दोघींच्या नाकाची ठेवण एकच आहे, आजी तेच म्हणायची. कपाटात वरच्या खणात निळ्या डबीत आहे.

बाबांना मी पूलमधलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, पण सकाळी तुझ्या खोलीत उगाच पुस्तकं लावत बसले होते. त्यांना तूच सांग, तुला वाटेल तेव्हा. आणि मला एवढंच कळव की वर येताना श्वास सोडत होतीस की नाही. आठवत नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. पण त्या इन्स्ट्रक्टरला नक्की विचार, त्याने पाहिलं असेल.

तुझी,
आई