पार्ल्यात छोटे गाळे राहू द्या

उपनगरांतील बाजारपेठांच्या पुनर्विकासाचे स्वागत करणारा लेख वाचला. इमारती जुन्या झाल्या, त्या पाडाव्या लागतील, हे मान्य. पण नव्या इमारतींच्या तळमजल्यावर कोण येणार हे बाजारावरच सोडावे, हे म्हणणे पटले नाही. विलेपार्ले पूर्वेला स्टेशनजवळ आजही भाजणी दळून देणारी गिरणी, फॉल-पिको करणारी, छत्री आणि मिक्सर दुरुस्त करणारा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांची जागा बँका आणि शोरूम घेऊ लागल्या, तर काठी टेकत बाजारात येणाऱ्या आमच्या ज्येष्ठांनी दळण घेऊन कुठे जायचे?

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँकांना आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना भाड्याचे संरक्षण नाकारले, छोट्या दुकानदाराला ते ठेवले. म्हणजे हा फरक कायद्याला मान्य आहे. मग पुनर्विकासाला परवानगी देताना महापालिकेने रस्त्यालगतचे काही गाळे शंभर-दीडशे चौरस फुटांचेच ठेवण्याची अट का घालू नये? मोठा गाळा गिरणीवाल्याला परवडणार नाही, आणि त्याला तो नकोही आहे.

— एक रहिवासी, विलेपार्ले (पूर्व)