खोडरबर आमच्या हातात देणाऱ्या ताईंना

ताई,

पत्राला उशीर झाला, रागावू नका. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरच्या आम्ही अंगणवाडी सेविका-मदतनीस मिळून हे लिहितोय. सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय.

पोषणाच्या मूल्यमापनाचा नवा फॉर्म तुम्ही पेन्सिलीने काढून आणला होता. कागद चटईवर पसरलात, खोडरबर मदतनीस बाईंच्या हातात दिलात आणि म्हणालात, "जो रकाना कामाचा नाही, तो पुसा." बाई पुसेनात. मग तुम्हीच काढलेला एक रकाना त्यांच्याकडून पुसून घेतलात. आजवर आमच्याकडे सह्या मागितल्या, फोटो मागितले, खुलासे मागितले. खोडरबर कोणी दिला नव्हता, ताई.

आधीचे लोक गाडीतून उतरले की रजिस्टर मागायचे. कोरा रकाना दिसला की नोटीस. २०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, त्यात इंग्रजी ॲप हेही एक मोठं कारण होतं. जिला रोज भरायचं, तिला वाचता येतं का, एवढं तरी आधी विचारायला हवं होतं.

तुम्ही विचारण्याआधी बघितलंत. वजनाच्या दिवशी सकाळपासून भिंतीला टेकून बसलात. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजायची, म्हणजे एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे दाबून पायाची पट्टी सरकवायची. मग आकडा वाचून लिहायचा कोणी? अंगणवाडीत माणसं दोनच. म्हणून रडणारं बाळ घाईत उभंच मोजलं जातं आणि उंची साधारण ०.७ सेंटीमीटर कमी भरते. उंची कमी लागली की तेच वजन पुरेसं दिसतं, आणि तीव्र कुपोषित बाळ यादीतून निसटतं. तुमच्या फॉर्मात आता 'आडवं की उभं' असा रकाना आहे, आणि आकडा वाचायला बाळाच्या आईला किंवा आजीला बसवायचं ठरलंय. काट्याला रिकामी झोळी अडकवूनच शून्य करायचं, ही ओळही सगळ्यात वर आली. रकाने कामाच्या क्रमाने लागले: आधी वजन, मग लांबी, मग दंडाची पट्टी. पट्टीवर ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. ती डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडून लावायची. आवळली की माप कमी येतं.

जन्मतारखेचंही तसंच. तारीख माहीत नसली की कागदावर १ जूनच पडते. तुम्ही आमच्याबरोबर बसून सणांचा तक्ता केलात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी की नंतर? होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला पोटात होता की कडेवर? पोळ्याला रांगत होता का? एवढं विचारलं की महिना सापडतो. महिना चुकला तर वयानुसार वजन आणि वयानुसार उंची दोन्ही चुकतात, हे आम्हाला माहीत होतं. लिहायला जागा नव्हती.

आणि तो 'गैरहजर' रकाना! दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला जातो. बाळ गुजरातेत, आणि जाब इथे आम्हाला. उपस्थिती घसरली की खुलासा, म्हणून मग मागच्या महिन्याच्या वजनात २०० ग्रॅम मिळवून लिहायची पाळी यायची. कोणी हौसेने खोटं लिहीत नाही. आकड्याची शिक्षा होत असेल, तिथे आकडा घाबरून लिहिला जातो. तुम्ही त्या रकान्याचे तीन केलेत: स्थलांतर, आजारी, घर बंद. स्थलांतरापुढे तालुका आणि मुकादमाचा फोन. वजन घटलं की मोबाइलमधला जुना फॉर्म आकडाच घेत नसे. तुमचा फॉर्म कागदावरून मोबाइलमध्ये गेला, त्यात 'पुन्हा मोजा' येतं, आणि दुसऱ्यांदाही तेच भरलं की घेतो.

मोठं शिकलेल्या माणसाने मदतनीस बाईंना 'तुम्ही' म्हणावं, त्यांनी पुसलेलं पुन्हा काढू नये, ही माणुसकी कुठल्याही प्रशिक्षणात बसत नाही. अशी माणसं कचेऱ्यांमध्ये आणखी असतील, त्यांना पाड्यांपर्यंत येऊ द्यावं.

एक रकाना मात्र राहिलाय. ऊसाच्या फडावरच जन्मलेली बाळं होळीच्या सुमारास गावात येतात. त्यांची नोंद ना तिथे, ना इथे. जन्माचं वजन कुणालाच ठाऊक नसतं. त्यांना कुठे लिहायचं? खोडरबर झोळीच्या डब्यात ठेवलाय. पेन्सिल घेऊन या.

तुमच्या,
पाड्यांवरच्या सेविका आणि मदतनीस