संवेदक हवा तो सुक्या कचऱ्याच्या पेटीवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरांतील कचराकुंड्यांना बिनतारी संवेदक (सेन्सर) बसवण्याच्या योजना अधूनमधून वाचनात येतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अनेक वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवल्यामुळे या तंत्राविषयी मला आस्था आहे आणि म्हणूनच ते भलत्याच कुंडीवर बसवले जात असल्याचे पाहून राहवले नाही.

झाकणाच्या आतून हे उपकरण खाली श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनिलहरी सोडते आणि प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळेवरून कुंडी किती भरली ते ओळखते. एक मीटर खोलीच्या रिकाम्या कुंडीत हा वेळ जेमतेम 6 मिलिसेकंद असतो. एवढा एकच आकडा पाठवायचा असल्याने मोबाईलच्या सिमकार्डाचीही गरज नसते. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, त्यात चालणारा, कमी विजेवर थोडीशी माहिती दूर पाठवणारा ‘लोरा’ रेडिओ मोकळ्या जागेत काही किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि मधल्या वेळात उपकरण निद्रिस्त राहत असल्याने एक बॅटरी काही वर्षे पुरू शकते. पाण्याच्या उंच टाकीवर हे संदेश गोळा करून पुढे धाडणारा एक गेटवे बसवला, तर भोवतालच्या बऱ्याच पेट्या त्याच्या टप्प्यात येतात.

प्रश्न आहे तो या माहितीचा उपयोग कुठे होतो हा. ओला कचरा कुंडी अर्धी असली तरी रोज उचलावाच लागतो, नाहीतर दुर्गंधी सुटते आणि माश्या घोंगावतात. तिथे कुंडी किती भरली हे कळून गाडीची एकही फेरी वाचत नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल हा अविघटनशील कचरा मात्र धुऊन कोरडा ठेवला तर आठवडाभर थांबू शकतो. त्याची अडचण वजनाची नसून आकारमानाची आहे, कारण न चेपलेल्या बाटल्यांनी भरलेला टेम्पो बहुतांशी हवाच वाहून नेत असतो. त्यामुळे पेटी भरल्यावरच गाडी पाठवण्याचा खरा फायदा सुक्या कचऱ्याच्या बाबतीतच मिळतो आणि वाचलेले डिझेल हीच या तंत्राची कमाई आहे.

आमच्या चौकातील सार्वजनिक कुंडी नियंत्रण कक्षात चार दिवस ‘भरलेली’ दिसत होती, असे मुकादमांनी मला सांगितले. झाकण उचलून पाहिले, तर एक कॅरीबॅग बिजागरीत अडकून नेमकी संवेदकासमोर लोंबत होती आणि खाली तळाशी थोडेसेच उष्टे खरकटे होते. गाडी रोज ठरल्या वेळी येतच होती, त्यामुळे पडद्यावरच्या त्या नोंदीकडे कोणी लक्षही दिले नव्हते.

म्हणून संवेदक बसवायचे ते गृहनिर्माण संस्थांमधील सुक्या कचऱ्याच्या पेट्यांवर आणि वस्त्यांमधील सुका कचरा संकलन केंद्रांवर बसवावेत, आणि त्यांचा संदेश नियंत्रण कक्षाबरोबरच त्या भागातील कचरावेचकांच्या मोबाईलवरही मराठीत जावा. पेटीत काय आहे हे संवेदकाला कळत नाही. दुधाची पिशवी भंगारवाला घेतो, पण वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिकचे व ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने त्याला सहसा गिऱ्हाईक नसते. हा फरक कचरावेचक महिला हातात घेताच, आवाजावरूनसुद्धा सांगतात. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या रूपाने त्या संघटित आहेत आणि 2016 च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. पेट्या कधी भरतात हे त्यांना आधी कळले, तर पहाटेपासूनची वणवण कमी होईल आणि माल एकगठ्ठा विकून भावही बरा मिळेल. अर्थात घरात ओले-सुके वेगळे झाले नाही, तर यातले काहीच साधणार नाही. खरकट्याने माखलेली पिशवी कोणी विकत घेत नाही.

निविदांकडेही लक्ष हवे. उपकरण बसवून देण्याचे पैसे त्यात धरलेले असतात, पण त्यावरची धूळ कोणी पुसायची आणि बॅटरी कोणी बदलायची याचीही तितकीच स्पष्ट तरतूद असली पाहिजे. हे संवेदक बंद पडले की तेही अविघटनशील कचराच होतात. बॅटरी कचऱ्यासाठी 2022 चे स्वतंत्र नियम आहेतच. तेव्हा निकामी संवेदक बॅटरीसह मोजून परत नेल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे देयक अदा करू नये, अशी अट पुढच्या निविदेपासून घालावी, ही संबंधितांना कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त निदेशक